हळदीची मुकी कॅसेट

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. बायकोजवळही नाही. बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी लोकांच्या हजारो ओळी कापल्या, जोडल्या, छापायला सोडल्या — ही तेवढी सोडली नाही. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट सांगता येणार नाही.

विषय साधा आहे. माझ्या बहिणीच्या लग्नाला व्हिडिओवाला ठरवायचा होता, आणि तो मी ठरवला.

आमचं गाव खर्डीपासून दोन-अडीच कोसांवर. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी कल्याणला एका दैनिकात उपसंपादक होतो, आठवड्याने घरी जात असे. सुनंदाचं लग्न ठरलं, तेव्हा काका म्हणाले, "तू पेपरातला माणूस. फोटो, व्हिडिओ तुझ्याकडं." घरात काकांचा शब्द शेवटचा. माझ्या वडिलांची तब्येत आदल्या वर्षापासून तोळामासा होती, ते ऐकून घेत आणि मान हलवत.

आदलं वर्ष म्हटलं, म्हणजे ते सांगावंच लागेल. त्या वर्षी वडील चार दिवस शहापूरला दवाखान्यात होते. काकांनी बूथवरून आमच्या ऑफिसात फोन केला. शिपायाने माझं नाव पुकारलं. मी त्याला हाताने खूण केली — बाहेर गेलेत, असं सांग. निरोप काय तेही त्यानं मला सांगितलं. मी दुसऱ्या दिवशीच्या अंकाचं पान लावत बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. दवाखान्यात बाकावर बसायला लागेल, डॉक्टर काही विचारतील, सही मागतील, या सगळ्याची भीती वाटली. पाचव्या दिवशी घरी गेलो आणि निरोप पोचलाच नाही म्हणालो. वडील वाचले होते. कुणी जास्त विचारलं नाही. आईने तर काहीच विचारलं नाही.

आई बोलायची कमी. पण हळदीला गायची. आसपासच्या चार पाड्यांत कुठेही हळद असली की तिला बोलावणं असे. आमच्याकडच्या एका गाण्यात घरातल्या एकेकाचं नाव घेऊन नवरीला हळद लावायला बोलवतात. मामा ये, मामी ये, असं ते वाढत जातं. प्रत्येकाच्या नावामागे एखादी ओळ जोडायची, बहुधा चिमटा काढणारी. ओळ गाणारीने तिथल्या तिथे रचायची. कुणी रागवायचं नाही, अशी रीत. आई जे बोलत नसे ते तिथे गात असे. हे मला फार उशिरा कळलं.

दोन माणसं बघितली. एक शहापूरच्या बाजारातला स्टुडिओवाला. त्याचं काम झकपक. पडद्यावर बदाम यायचे, बदामात नवरा-नवरी यायची. मूळ आवाज सगळा काढून टाकायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायची, याला तो मिक्सिंग म्हणे. दुसरा मुरबाडचा बाळाराम. रेडिओ दुरुस्तीतून या धंद्यात आलेला. कॅमेरा जुना, पण गाणाऱ्या बायकांच्या मधोमध तो एक माईक ठेवायचा.

बाळाराम सुनंदाने सुचवला होता. नुकत्याच झालेल्या, शेजारच्या मंदाच्या लग्नात तिनं त्याचं काम पाहिलं होतं. ती मला म्हणाली, "दादा, सिनेमातली गाणी काय, कुठं पन लागतात. मला आयचा आवाज पायजे. टोकावड्याला तिकडं कोन हाय मला?" सासर टोकावड्याचं. तिचं मागणं एवढंच होतं.

एका रविवारी बाळाराम मोटरसायकलवर कॅसेट लावायचा व्हीसीपी बांधून आमच्याकडे नमुना दाखवायला आला. त्यानं आणलेली कॅसेट मंदाच्या हळदीची होती. हीच का आणली? उत्तर सरळ आहे — त्यात माझी आई गात होती, आणि गिऱ्हाईक आम्ही होतो. मला मात्र तेव्हापासूनच तो माणूस सरळ वाटेना.

कॅसेट लागली. आवाज खरोखर स्वच्छ होता. बांगड्या वाजत होत्या, मांडवामागे दोन गडी बैलाच्या खोडीबद्दल बोलत होते, तेसुद्धा शब्दन् शब्द. बाळाराम म्हणाला, "मी आवाज काढत नाय. आवाज काढला तं राहतं काय?" आणि मग आईचा आवाज आला. मंदाकडच्यांची नावं संपली होती, शेजाऱ्यांची चालू होती. त्यात माझं आलं.

गावाच्या बातम्या आणतो गो दादा, घरचा सांगावा त्याला पोचं नाय.

घरातले सगळे हसले. वडीलही हसले. काकू म्हणाली, "बरा हानला रे तुला." बाळारामने, आवडलं म्हणून, कॅसेट मागे नेली आणि ती ओळ पुन्हा लावली. "भाऊ, तुमचंच नाव हाय," असं वर म्हणाला. मी आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. सुपातून तिनं नजर काढली नाही.

तिला माहीत होतं का? की नुसती थट्टा होती — पेपरात काम करणाऱ्यावर कुणीही केली असती अशी? शिपाई कधी काकांजवळ बोलला होता का? आणि बाळाराम हसला तो कशाला? मी उठून परसात गेलो. सुनंदाच्या हळदीला आई याच्यापुढची ओळ जोडेल आणि ती टोकावड्याच्या लोकांसमोर वर्षानुवर्षं वाजत राहील, एवढंच मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या ओटीवर बसून मी ते केलं.

आमच्या धंद्यात दोन शब्द आहेत — असे समजते. ज्याला आधार नाही ते वाक्य या दोन शब्दांवर उभं करता येतं. मी म्हणालो, मुरबाडच्या त्या माणसाबद्दल बरं कानावर येत नाही. हळदीला बायका आपसात जे बोलतात ते तो वेगळ्या कॅसेटवर ठेवतो आणि दुकानात चार टाळक्यांना ऐकवतो, असं समजतं. कुणाकडून समजतं, हे काकांनी विचारलं नाही. पेपरातल्या माणसाला कोण विचारणार? ते एवढंच म्हणाले, "बायकांच्यात माईक कशाला रे? मलाच पटत नव्हतं."

असं काही समजलेलं नव्हतं. ते वाक्य मी तिथेच, चहा पिता पिता, तयार केलं.

शहापूरचा माणूस ठरला. सुनंदाने कारण विचारलं तर काका गुरगुरले, आणि मी म्हणालो, थोरल्यांचं ऐकावं. काका भावकीतल्या प्रत्येक लग्नाच्या बोलणीला असत. खर्डीपासून टोकावड्यापर्यंत माझं वाक्य त्यांच्या तोंडून फिरलं. दोन लग्नसरायांनंतर आमच्या माणसांत बाळाराम कुठल्या मांडवात दिसला नाही.

पुढे एकदा तो मुरबाडच्या स्टँडवर भेटला. कॅमेरा विकला होता, परत रेडिओ आणि पंखे. त्यानं चहा पाजला. म्हणाला, "तुमच्या आय गातात का अजून?" मी म्हणालो, गाते. तो म्हणाला, "तसा आवाज मला परत मिळाला नाय." यात काही खोच होती का, हे मी कल्याणला पोचेपर्यंत तपासत होतो. बहुतेक नव्हती. त्याला कुणी काही सांगितलंच नसावं. लोक नुसते येईनासे झाले.

गेल्या वर्षी आई गेली. तिचा आवाज कुठे मिळतो का बघायला सुनंदा बाळारामकडे जाऊन आली, त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. मंदाच्या कॅसेटला बुरशी लागलेली, आवाजाच्या जागी नुसती खरखर. मग तिनं स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटची सीडी करून आणली आणि मला शेजारी बसवून लावली. पडद्यावर हळद चालू आहे. आई गातेय. तोंड हलतंय, मान डोलतेय, आणि आवाज कुठल्या तरी सिनेमातल्या बाईचा. आईसमोर, मांडवाच्या खांबाला टेकून, मी उभा आहे. नव्हतो तिथे, असं म्हणायची सोय नाही.

सुनंदा म्हणाली, "दादा, तू समोरच व्हतास. आय काय म्हनतेय?"

मी म्हणालो, "आठवत नाय गो."

तिनं सीडी मागे नेली. पुन्हा नेली. ओठांवरून ती ओळखू पाहत होती. "हे काका असंल... हां, काकाच. मग काकू." मग आई एकदा थांबते, श्वास घेते, आणि पुढचं नाव घेते. सुनंदाने तिथे चित्र अडवलं. पडद्याला बोट लावून म्हणाली, "आनि हे तुझं. नाय का?"

मी हो म्हणालो.

ते नाव मामाचं होतं. माझी पाळी त्याच्या आधी होती. तिथे आईने श्वास घेतला आणि मला वगळून ती पुढे गेली. मंदाची कॅसेट चालू असताना मी उठून परसात गेलो, ते तिनं सुपावरून मान न उचलताही पाहिलं असणार. म्हणून मला वाचवलं, की मला त्या गाण्यातून काढलं, ते मला कळलेलं नाही. त्या दिवशी मांडवात कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. मी ज्या ओळीला भिऊन सगळा आवाज पुसायला लावला, ती ओळ तिनं म्हटलीच नव्हती.

सुनंदा अजून अधूनमधून फोन करते. एखादा शब्द लागला की सांगते, बरोबर आहे का विचारते. मी आठवत नाही म्हणतो.

गाणं मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ आहे.