खालून न पाहिलेली होडी

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. पस्तीस वर्षं आम्ही एका घरात आहोत, माझा चष्मा कुठे राहिलाय हे तिला माझ्याआधी कळतं — पण हे नाही. नमाजानंतर दुआ मागतानासुद्धा मी हे कधी सरळ शब्दांत बोललो नाही. तिथेही आडून आडूनच. आज तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय एवढं खरं.

आधी मी कोण ते सांगतो. सुताराचा मुलगा, सुताराचा नातू, आणि उभी नोकरी पोरांना सुतारकाम शिकवण्यात घालवून निवृत्त झालेला माणूस. कळमनुरीत राहतो. सलीमभाई म्हटलं की कुणीही घर दाखवेल. आमच्याकडे समुद्र कुठला, पण धरण आहे, आणि धरणावर भोयांच्या होड्या आहेत. खताची पोती उसवायची, धुवायची, एकाला एक शिवायची — झालं शीड. दुपारून वारा सुटला की वल्ही बाजूला ठेवून ते वर ओढायचं. हिंगोलीतल्या माणसालाही हे सांगितलं तर थट्टा वाटते. नवी होडी करून घेणारे थोडे. बाकीचे वापरलेलीच घेतात. आणि वापरलेली घ्यायची म्हटलं की मला बोलावणं येतं.

लोक चुका कशा करतात, ते मी तुम्हाला दिवसभर सांगू शकतो. होडी तरंगती असतानाच भाव करतात. पाण्यात म्हैस, बाहेर मोल! शीड बघतात, रंग बघतात, मालकाचा चहा पितात. अहो, होडी पाण्याबाहेर काढा, कोरडी होऊ द्या, मग लाकडी मोगरीने फळीन्‌फळी ठोका. चांगलं लाकूड टणटणीत बोलतं, कुजलेलं भद्द करतं. कुठे डांबर ताजं दिसलं तर खूश होऊ नका, आधी तिथेच टोचा घाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं — डोलकाठीचा बुडखा जिथे टेकतो, ती तळाची फळी. पावसाचं पाणी तिथे साचतं, लाकूड तिथून मरतं, आणि ते वरून दिसत नाही. वरून त्यावर जाड पाटी ठोकलेली असते. ते बघायला खालीच शिरावं लागतं. हे मी स्वतः पोरांना शिकवलंय. फळ्यावर आकृती काढून शिकवलंय.

बघा, किती सविस्तर बोलतोय मी. मुद्द्यावर यायचं नसलं की माणूस असाच शहाणपणा सांगत बसतो.

आमच्या धरणावर एक रीत आहे, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. होडी विकली गेली की विकणाऱ्याच्या घरची बाई तिची ओटी भरते. नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू — लेक सासरी चालली असं समजून. आणि एकदा ओटी भरली की त्या होडीत खोट काढायची नाही. मागाहून गळो, फुटो, काही होवो. सून घरात आणल्यावर तिच्या माहेराला बोल लावतो का आपण? (लावतो, पण लावू नये.) म्हणून जे काय बघायचं ते ओटीच्या आधी. आणि आधी बघणारा — मी.

दत्ता भोई माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. नातं काही नाही, पण माझ्या आईच्या मयतीला खांदा द्यायला तो माझ्या चुलतभावांच्या आधी आला होता. शाळेत फार गेला नाही, मात्र वारा त्याला कळायचा. सकाळी काठावर येऊन चिमूटभर कोरडी माती हातातून सोडायचा, आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "दुपारून फिरून राहिला, शीड लावू नका." आणि चाळीस होड्यांतली एकही शीड लावायची नाही. कुणी त्याला मुकादम केलं नव्हतं, काही नाही. पण त्याला विचारल्याशिवाय कुणी निघायचं नाही. त्या विचारण्याने तो कसा उजळायचा! मला बघायला फार आवडायचं ते.

अकरा वर्षांपूर्वी त्याने वापरलेली होडी घ्यायची ठरवली. इतके दिवस दुसऱ्याच्या होडीत अर्ध्या वाट्याने मासे धरत होता. ही पहिली, स्वतःची. त्याची बायको सुमन त्या दिवशी सोबत आली होती, नवीन पातळ नेसून. मी तिला वहिनी म्हणतो.

आणि मीही नवे कपडे घालून गेलो होतो. हेच सांगायचंय. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावला माझ्या पुतणीची मंगनी होती, तिथून पुढे जायचं होतं, मोठ्या काकाचा मान होता. पांढरा लखनवी कुर्ता, कडक इस्त्री, अत्तर. होडी काठावर दोन ओंडक्यांवर ठेवलेली. उलटी करायला सहा-सात माणसं लागली असती आणि त्या दिवशी सगळे बाजाराला गेलेले. म्हणजे खाली चिखलात पाठीवर झोपून, सरपटत आत जायचं. टोचा माझ्या पिशवीत होता.

मी वरून ठोकलं. कडेच्या फळ्या ठोकल्या, टणटणीत होत्या. डोलकाठीच्या पायाशी गेलो, तिथलं डांबर ताजं होतं. मी ते पाहिलं. नजरेतून सुटलं नाही हो — पाहिलं. मग खाली वाकून चिखलाकडे पाहिलं. मग कुर्त्याकडे.

तेवढ्यात विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे चहा पिऊन दत्ता आला. म्हणाला, "सलीमभाई, खालून बघितलं ना?"

आणि मी म्हणालो, "बघितलं."

एवढंच. एक शब्द. कुर्त्यावर चिखलाचा ठिपका नव्हता, पण दत्ताने कुर्ता पाहिला नाही, माझा शब्द धरला. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. म्हाताऱ्याने मला काही देऊ केलं नव्हतं. त्या बिचाऱ्याला कदाचित स्वतःलाही माहीत नसेल. "उद्या येतो, आज जमत नाही" — एवढं म्हटलं असतं तर दत्ता एक काय, आठ दिवस थांबला असता. पण मला घाई होती आणि मला गोरेगावात रुबाबात उतरायचं होतं. माझ्या मागे त्या म्हाताऱ्याच्या बायकोने होडीची ओटी भरली. सुमन वहिनींनी होडीच्या पुढच्या टोकाला हात लावून नमस्कार केला. मी जीपमध्ये बसलो, आणि खोटं कशाला बोलू, गोरेगावला सगळ्यांनी कुर्त्याची तारीफ केली तेव्हा मला बरं वाटलं.

तीन महिने काही झालं नाही. मी विसरलोसुद्धा. मग एका सकाळी दत्ताने माती सोडून बघितली आणि सांगितलं, वारा बराबर हाय, लावा शीड. भर दुपारी, पाण्याच्या मध्यावर, त्याच्या डोलकाठीचा बुडखा तळाच्या फळीतून आरपार गेला. डोलकाठी कलली, तिच्याबरोबर होडी. वहिनी शिडाखाली सापडल्या. दत्ताने त्यांना केसांना धरून वर काढलं, दुसऱ्या होडीवाल्यांनी दोघांना ओढून घेतलं. जीव वाचले. पण वहिनींच्या छातीत पाणी गेलं, दोन महिने दवाखाना झाला, आणि त्यानंतर ती बाई धरणाच्या काठाला फिरकलेली नाही. नवऱ्याच्या बरोबरीने जाळं ओढणारी बाई हो! आता भांडी घासतानाही तिला बादलीभर पाणी एकदम समोर नको असतं.

दुसऱ्या दिवशी होडी ओढून आणली. मी गेलोच, न जाऊन कसं चालेल? या वेळी उलटी करायला वीस माणसं होती. डोलकाठीच्या भोकाशी मी बोट लावलं. बोट आत गेलं — ओल्या ढेपेत जावं तसं. बाकीच्यांना डांबराखालचं कुजलेलं कळलं नाही, नुसतं मोडलेलं दिसलं. टोचा लागलाच नसता, बोटाने कळलं असतं.

मग मी काय केलं ते ऐका. कारण पहिली गोष्ट आळसाची होती, घमेंडीची होती, माणसाच्या हातून होते म्हणू. पण ही दुसरी मी विचार करून केली. करवत घेतली, "मोडकं तेवढं काढून टाकतो, बाकी लाकूड कामाला येईल" म्हणालो, आणि तो कुजलेला तुकडा कापून काठावर डांबर तापत होतं, त्या डब्याखालच्या जाळात घातला. ओला होता, धुमसत होता. पूर्ण जळेपर्यंत मी तिथून हललो नाही. लोकांना वाटलं, सलीमभाईंना किती वाईट वाटून राहिलं.

लोकांनी आपापसात हिशेब लावला. होडी तर सलीमभाईने बघून दिलेली, म्हणजे होडी चांगली. मग चुकलं कोण? दत्ता. त्याला वारा कळला नाही. बाकीच्या होड्या त्याच वाऱ्यात सुखरूप परत आल्या होत्या, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? माझ्या आलं होतं. दत्ताला कुणी तोंडावर बोललं नाही, फक्त सकाळी विचारायचं बंद झालं. आणि त्याने स्वतःही होडीला दोष दिला नाही — ओटी भरलेली होती ना. मला म्हणाला, "माझंच चुकलं भाई. वारा वळखला न्हाई मी." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आता तो रस्त्याच्या कडेला बसून दुसऱ्यांचे मासे विकतो. माती हातात घेताना मी त्याला अकरा वर्षांत पाहिलेलं नाही.

मी त्याला खाट करून दिली. दार करून दिलं. मुलीच्या लग्नात पाट-चौरंग, सगळं. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते काही उगाच नाही. आणि तो गावभर सांगतो, भाईचं काळीज लई मोठं. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझी मुलं पाळीपाळीने यायची, दत्ता मात्र रोज यायचा. माझे पाय चेपायचा. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचो. मला त्याच्यावर फार माया आहे, हे तुम्हाला आता खरं वाटेल का? वाटू नये, पण आहे.

गेल्या महिन्यात त्याच्या जावयाने वापरलेली होडी घ्यायची ठरवली. दत्ताने त्याला माझ्याकडेच आणलं. मी गेलो. गुडघा दुखत होता, तरी होडीखाली शिरलो, पाठीवर झोपून एकेक फळी टोचून पाहिली. खूप वेळ पाहिली. बाहेर आलो तेव्हा मानेपासून टाचेपर्यंत चिखल. दत्ता डबाभर पाणी घेऊन आला आणि माझी पाठ धुऊ लागला, आईने लेकराची धुवावी तशी. धुता धुता जावयाला म्हणाला, "पाहून घ्या पाव्हणं. असं बघावं लागतंय. माझ्या होडीलाबी भाईनं असंच खालून बघितलं होतं. काहून, तर आपल्या माणसाचा जीव त्यात बसणार असतोय."

जावई माझ्याकडे आदराने बघत होता. दत्ता वीतभर अंतरावर होता, त्याचा हात माझ्या पाठीवर होता. मी म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "होडी चांगली आहे, घ्या."

ती होडी खरंच चांगली होती. मग तिची ओटी भरली. जावयाने दत्ताला विचारलं, मामा, आज शीड लावून नेऊ का? दत्ता हसला, मान हलवली आणि म्हणाला, "मला नका इचारू बाप्पा. मला वारा कळत न्हाई."

त्याला कळतो. त्या दिवशीही त्याला बरोबर कळला होता.