एकशेसत्तर वर्षांचा डबा

आमच्या केलीव्हिलच्या नीरजाकाकूंना फक्त एक बिल्ला हवा होता: एल्डर्स क्रॉसिंग या खेड्यातल्या जुन्या वास्तू दाखवणाऱ्या गाईडचा. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून त्या इथे परदेशात मुलाकडे राहायला आल्या, आणि इथे ऐकायला कोणी उरलं नाही. मग त्यांनी त्या गावातलं दगडी चर्च, टोलनाका, पाद्र्याचं घर, सगळं पाठ केलं. कुठल्या थडग्यातल्या सासूचं शेजारच्या थडग्यातल्या सुनेशी पटत नव्हतं, तेही.

परवा रविवारी त्यांची परीक्षा होती. तिकडे बस जात नाही, म्हणून मी गाडी काढली. मागे माझी नऊ वर्षांची मिताली. "जुन्या वस्तूंपुढच्या दोरीच्या आत हात घालायचा नाही," हे मी वाटेत सहा वेळा बजावलं.

"मम, चिल!"

पुढे गाव बघायला आलेले बारा पाहुणे, मागे वही घेऊन परीक्षक ग्लेनिसबाई. पाद्र्याच्या स्वयंपाकघरात फळीवर तांब्याचा डबा लखलखत होता. ग्लेनिसनेच तो काकूंना घासायला दिला होता. काकूंनी चिंच-मीठ लावून घासला आणि दोन आठवड्यांपूर्वी ऑफिसात ठेवून आल्या.

आता त्या रंगात आल्या होत्या. "एकशेसत्तर वर्षांत हा डबा कोणी उघडलेला नाही!"

"व्हॉट्स इनसाइड?" मितालीने विचारलं. मी तिचा हात घट्ट धरला. काही उपयोग झाला नाही; ग्लेनिसनेच कौतुकाने झाकण काढलं.

आत, पेपर नॅपकिनवर, शंकरपाळी.



"नीरजा, हे काय?"

"तुझ्यासाठीच होती. कोणाचा डबा रिकामा कसा परत करायचा? तू नव्हतीस. कोणीतरी न बघताच फळीवर चढवला, त्याला मी काय करू?"

"आणि एकशेसत्तर वर्षं?"

"ते जरा वाढवून सांगितलं."

"किती वाढवून?"

काकूंनी हिशेब केला. "दोन आठवडे सोडून बाकीचं सगळं."

पाहुणे खो खो हसले. ग्लेनिसने एक शंकरपाळं तोंडात टाकलं, सावकाश चावलं. "खाऊचे मार्क कापत नाही. थापेचे कापते. आता चर्चमध्ये एकही थाप नको. मग बिल्ल्याचं बघू."

चर्चमध्ये काकू तारखा सांगत गेल्या, अगदी कोरड्या. शेवटी एका आजोबांनी विचारलं, ही घंटा कोणी दिली? काकूंचं तोंड उघडलं. डोळ्यांत ती चमक आली. मी डोळेच मिटून घेतले.

"मला माहीत नाही," काकू म्हणाल्या.

ग्लेनिसने वही मिटली आणि खिशातून बिल्ला काढला.