इमामभाईनं लावलेली जोड

“न्हाई आबा, मानसं उचलायचं म्या सोडलं. शेरडाबोकडाचं काय आसंल तर बोला. पावशेराचा फरक पडला तर मिशी काढून देईन.”

“तुला मिशी हाय कुठं, इमामभाई? दाढीचं बोल.”

सर्जेराव मांडवगण फराट्याहून होडीनं भीमा उतरून सकाळीच राहूला इमामच्या दारात येऊन बसले होते. चहा झाला, पान झालं, तरी इमाम यायला तयार नव्हता.

इमाम जातीचा मुलाणी. बाजारात बोकड घ्यायचा, जत्रेत कापून द्यायचा. बोकडाच्या पोटाखालनं हात घालून वीतभर उचललं की मटण किती, हाडं किती, चामडं किती, घडाघडा सांगायचा. कुणीतरी चेष्टेनं एकदा त्याला पैलवान उचलायला लावला आणि चेष्टेचा रिवाज झाला.

कुस्तीची जोड लावणं म्हंजी सोयरीक जमवण्यापरीस अवघड. ह्या गावचे म्हणणार, आमचं पोरगं हलकं, तुमचा रेडा. ते म्हणणार, तुमचाच रेडा. काटा आणावा तर वजनाच्या बुडाला कानस मारलेली, नाही तर शिसं भरलेलं. मुलाणी ना ह्या भावकीतला ना त्या, म्हणून इमामचा हात सगळ्यांना चालायचा. तो दोन्ही गड्यांना कमरंला मिठी घालून उचलायचा आणि म्हणायचा, “बरोबर हाय.” मग हलगी वाजायची. “जोड न्हाई” म्हणाला, की आमदाराचा पाव्हणा असला तरी लंगोट सोडून घरी.

“हे बघ,” सर्जेराव म्हणाले, “कासुर्डीचा हरिबा आन् आमचा गडी. जत्रेची पत्रकं वाटून झाली. पर कासुर्डीकर म्हनत्यात, इमामभाईनं उचलल्याबिगर आमचं पोरगं मातीत उतरनार न्हाई. त्याच्या आईनंच तसं सांगितलंय. मुक्ताबाईनं.”

इमामनं खाली मान घातली. मुक्ताबाईच्या थोरल्या पोराला, ज्योतिबाला, त्यानंच चार सालांमागं उचललं होतं.

तेव्हा सर्जेराव नव्या साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभे होते. दोन्ही काठांची गावं एका फडाभोवती बसवायची आणि त्यांच्यामधून फेटा बांधून फिरायचं, असा त्यांचा बेत. त्यासाठी मोठी कुस्ती पाहिजे. ज्योतिबा उंच, हाडापेरानं मोठा. समोरचा बुटका, पण जात्याच्या पाळूसारखा. डोळ्याला दोघं वजनानं सारखे. इमामनं ज्योतिबाला मिठी घातली आणि हात चरकला. गडी पंधरा शेरांनी हलका होता. त्याहून वाईट म्हंजी डाव्या बरगडीखाली तळव्याला टणक गोळा लागला. हजार पोटं फाडलेला माणूस तो. त्याला कळायला वेळ लागला नाही. हिवतापानं पानथरी, म्हंजी प्लीहा, वाढली होती. आत पिकल्या पपईसारखी असणार, धक्का बसला तर फुटायची.

ज्योतिबानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, “मामा, जोड मोडू नका. दोन म्हैनं अंथरुनात काढल्यात. गावात आता मला पैलवान म्हनत न्हाईत, दुखनाईत म्हनत्यात.”

सर्जेराव समोर. पाच हजार माणूस भोवती. इमामला वाटलं, आजारी गडी हाय, पहिल्याच पकडीत पाठ टेकंल आन् मोकळा हुईल. तो म्हणाला, “बरोबर हाय.”

पण ज्योतिबानं पाठ टेकवलीच नाही. अर्धा तास झुंजला. शेवटाला बुटक्यानं त्याला उचलून आपटला आणि वर पडला. दवाखान्याला निघालेली बैलगाडी यवतपर्यंतही पोचली नाही, वाटेतच गेला.

इमामला कुणी शब्दानं बोललं नाही. माती हाय, चालायचंच, म्हणाले. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून बोकडाला हात घातला की तळव्याला तो गोळा लागायचा. कापून बघावं तर आत काही नाही. त्याची बायको खातून वैतागायची, “जनावर घ्यायचं का औषधपानी करायचं? किती दाबताय त्याला?” तो हात धुवायचा, पुन्हा दाबायचा.

“मुक्ताबाईनंच सांगितलंय?” त्यानं विचारलं.

“तिनंच. म्हनली, इमामदादाच्या हाताखालनं माझं एक गेलं, तरी दुसऱ्या कुनाचा भरवसा न्हाई.”

त्यावर नाही कसं म्हणायचं? इमाम जत्रेला गेला.

फड भरला होता. सर्जेरावांच्या गड्याला त्यानं आधी उचललं. मग हरिबा पुढं आला. भावाएवढाच उंच. इमामनं डोळे मिटले, मिठी घातली, उचललं. वजन हाताला येईना. डाव्या बरगडीखाली गोळा होता. टणक, मुठीएवढा, तोच.

त्यानं पोराला खाली ठेवलं. “जोड न्हाई,” म्हणाला.

लोक गलका करायला लागले. सर्जेराव उठले. “किती शेराचा फरक?”

इमामला आकडा सांगता येईना.

“आरं, आकडा बोल की. का आकडा बी मीच सांगू?”

“पोट बगा त्याचं,” इमाम म्हणाला. “डावीकडं बगा.”

दौंडच्या रेल्वे दवाखान्यातला कंपौंडर कुस्त्या बघायला आला होता. त्यानं हरिबाला आडवा पाडून पोट दाबलं, बोटं खुपसली, ठोकून बघितलं. “तेल लावलेल्या पखवाजासारखं हाय. कुठं काय न्हाई.” गुळाचा काटा आणला, नवी किलोची सरकारी वजनं टाकली. हरिबा चौऱ्याहत्तर, सर्जेरावांचा गडी पंच्याहत्तर.

माणसं हसली. “मुलाण्याचा हात आता कोंबडीपुरता ऱ्हायला,” कोणतरी म्हणालं.

हरिबा लंगोट आवळत जवळ आला. “मामा, का आडवलं मला?”

इमामनं इकडं तिकडं बघितलं नाही. “तुझा भाऊ पंधरा शेरांनी हलका व्हता. आन् त्याच्या पोटात पानथरी व्हती. माझ्या हाताला लागली व्हती ती. तरी म्या बरोबर म्हनलं. त्यो मोडू नका म्हनला, आन् म्या न्हाई मोडलं.”

पोराच्या हातातली लंगोटाची गाठ तशीच राहिली. हलगीवाला चामडं शेकत होता. मग गाठ आवळून हरिबा म्हणाला,

“आईला सांगू नका. तिला कुनाचा तरी भरवसा असू द्या. आन् हितं हुबं ऱ्हाऊ नका. माझं ध्यान जाईल.”

इमाम गर्दीतनं बाहेर पडला. देवळामागं त्याची जागा होती. तिथं नवसाची बोकडं बांधलेली. तो फडाकडं पाठ करून बसला. हलगी चढत गेली, उतरली, पुन्हा चढली. मग एकदम आरडाओरडा झाला आणि त्याचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या बरगडीवर गेला.

थोड्या वेळानं कासुर्डीची माणसं देवळामागनं गेली. हरिबा त्यांच्या खांद्यावर बसला होता, कानापर्यंत गुलाल माखलेला. तोंड रक्तानं भरलं होतं, पण हसत होता. इमामकडं त्यानं बघितलं नाही. इमामनं मात्र माणसं वळणाआड जाईस्तोवर त्याच्या पोटाकडंच बघितलं.

हळदीच्या अंगाची एक बाई बोकड ओढत आली. “आवो, आमचं कवा हुयाचं? चूल पेटवून बसलोय.”

“हुईल की. धर हितं, शिंगाला.”

त्यानं बोकडाला हात घातला. गोळा लागला. ह्या वेळी त्यानं पुन्हा दाबून बघितलं नाही. मग सुरी दगडावर दोनदा घासली, तोंडानं बिस्मिल्ला म्हटलं, आणि बाईला म्हणाला, “जरा बाजूला हो, लुगड्यावर उडंल.”