आमदारांना मी जे सांगितलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही पुष्पाताईला ओळखत नाही, तिच्या कानावर घालणार नाही. बघा, अजूनही आधी स्वतःचीच काळजी.

पुष्पाताई माझी आत्येबहीण. आम्ही दोघंही भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. लग्नानंतर ती अहिवाऱ्याजवळच्या एका गावात गेली, तिथं अंगणवाडी सेविका झाली. त्याच गावाला लागून असलेल्या सिमेंट कारखान्यात मी जनसंपर्क अधिकारी होतो. जनसंपर्क म्हणजे काय? — आमदारांना सांभाळणं. कारखान्याच्या प्रत्येक कार्यक्रमात ते मंचावर, आमच्या साहेबांच्या शेजारी. पाण्याची, रस्त्याची, खाणीची कुठलीही अडचण त्यांच्या फोननं सुटायची.

मग गावातल्या बायकांनी बहिष्कार पुकारला. कारखान्याची धूळ भातावर, वाळत घातलेल्या बडीवर, म्हणजे सांडग्यांवर, लेकरांच्या छातीत. धुळीचा बंदोबस्त होईपर्यंत या कंपनीचं पोतं कुणी घेऊ नका, असं त्या पार भिलाई-दुर्गच्या दुकानांत जाऊन सांगू लागल्या. सगळ्यांत पुढे पुष्पाताई.

विक्री घटली, पण साहेबांची झोप उडाली ती त्यानं नाही. आमदार येईनासे झाले. कामगारांच्या खेळांचं उद्घाटन — तब्येत बरी नाही. साहेबांच्या मुलीचं लग्न — दौऱ्यावर आहेत. आमच्यासोबतचा फोटोसुद्धा त्यांनी घरच्या बैठकीच्या खोलीतून उतरवला. आमच्याबरोबर दिसणं आता मतांना बाधत होतं. नव्या खाणीची फाइल अडकली, आणि साहेब रोज मलाच विचारू लागले, "तुमचे आमदार कुठे आहेत?" नोकरी गेली तर?

शेवटी आमदारांनीच मला घरी बोलावलं. एकट्याला.

"वो पुष्पा आपकी बहन है ना? आखिर चाहती क्या है?"

मला उत्तर ठाऊक होतं. तिला धूळ थांबायला हवी होती, बस्स. एवढं म्हणायला काय लागतं?

मी म्हणालो, "टिकट चाहती है, साहब. अगली बार आपके सामने खड़ी होगी. दूसरी पार्टीवाले उसके घर आते-जाते हैं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. वाटलं, पकडला गेलो. पण त्यांनी चहा मागवला — माझ्यासाठी.

पुढच्याच कार्यक्रमाला ते मंचावर हजर. विकासाच्या आड येणाऱ्यांवर बोलले, साहेबांनी हार घातला, मी टाळ्या वाजवल्या. मग ताईच्या अंगणवाडीची तपासणी झाली, पुन्हा झाली, कामात हलगर्जीपणाचा ठपका आला आणि तिला काढून टाकलं. बाकीच्या बायका धास्तावल्या. आज ही घरी बसली, उद्या ती. बहिष्कार विरून गेला. फाइल सुटली. मला बढती मिळाली. धूळ आहे तशीच आहे.

मी घाबरलो होतो, हे खरं. पण घाबरलेला माणूस गप्पही बसू शकतो ना? मी गप्प बसलो नव्हतो.

नोकरी गेल्यावर ताई एकदा आमच्याकडे आली. बायको स्वयंपाकघरात होती. ताई हळूच म्हणाली, "सुधाकर, तू त्यायच्यात उठतो-बसतो. मी आमदाराचं काय बिघडवलं होतं रे? ते माह्यावर काहून उलटले?"

"मले काय माहीत, ताई," मी म्हणालो. "राजकारणी लोकं ते."

तिनं मान हलवली. म्हणाली, "जाऊ दे. तू त्यायले विचारू नको हो. माह्यापायी तुही नोकरी जाईन."

तेव्हा सांगता आलं असतं. मी तिला बसस्टँडवर सोडून आलो.

आता तिची मुलगी दुर्गच्या कोर्टात वकिली करते. आईला का काढलं, हे शोधून राहिली आहे. आमदारांच्या जुन्या माणसांना भेटते. मलाही फोन करते. "मामा, तुमाले काही आठवते का?" ती विचारते. मी म्हणतो, नाही.

पुष्पाताईनं कधीच तिकीट मागितलं नव्हतं. तिच्या घरी कुठल्याही पार्टीचं कुणी येत नव्हतं. ते मी रचलं, आणि माझ्याच तोंडानं सांगितलं.