नान्सिकोंबीच्या घरातला मृत्यू

आमच्याकडे माणूस गेला की त्याला लगेच पुरतात, पण त्याचा मृत्यू घरातच राहतो. त्याला बाहेर काढण्याचा विधी नंतर, कोरड्या दिवसांत होतो. सगळे कुळ जमते आणि अंगणात केळीच्या पानांची खोपटी उभारून तिथे रात्र काढते. त्या रात्री घरात कोणीही झोपायचे नसते. घर रिकामे असले तरच पहाटे भाचेमंडळी मृत्यूला झाडून बाहेर घालवू शकतात. मठाच्या शाळेतल्या सिस्टर आम्हाला सांगत की हे सगळे खोटे आहे, आणि आम्ही मुली माना डोलवत असू. पण माझा नवरा गेला तेव्हा मीही अंगणातच झोपले होते.

नान्सिकोंबी माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये फक्त केळीची बाग. आमच्याकडे वर्षात दोन पावसाळे; तिचा नवरा लुगेम्वा त्यांतल्या दुसऱ्यात, ऐन चिखलात गेला. विधी होईपर्यंत मुलाला वारसाचे वस्त्र मिळत नाही आणि विधवेला घर सोडता येत नाही. तिची मुलगी नाम्पीमा सरोवरातल्या बेटावर दिलेली. तिला एकामागून एक मुले झाली होती आणि हाताशी कोणी बाई नव्हती. मासळीवाल्यांबरोबर तिचा निरोप येई, "आई, आता ये." नान्सिकोंबीलाही जायचे होते, आणि कायमचेच जायचे होते.

पण जानेवारी आणि जुलैचे कोरडे दिवस हे तिच्या कामाचे दिवस. मागण्या, लग्ने, लोकांच्या घरचे विधी सगळे तेव्हाच होतात, आणि गावाचा मोठा स्वयंपाक तिच्याच हातचा असे. सोललेली कच्ची केळी ती पानांत अशी बांधी की रात्रभर चुलीवर राहिले तरी पुडके सुटत नसे.

पहिल्या जानेवारीत पाऊस थांबलाच नाही, म्हणून विधी जुलैवर गेला. जुलैत तिचा धाकटा दीर किबिरांगो कंपालाहून आला. भाऊ गेल्यापासून घराण्यात शब्द त्याचाच होता. मी तिच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

"वहिनी, या खेपेला जमेलसं वाटत नाही," तो म्हणाला. "सगळं कुळ सेकाज्जाच्या मुलाच्या लग्नात अडकलंय."

"ठाऊक आहे भाऊजी. तिथला स्वयंपाक माझ्याकडेच आहे."

"मग झालं तर! तुम्हाला तरी कुठे सवड आहे?"

तो गेल्यावर तिने सुजलेले पाय गरम पाण्यात सोडले. "अख्ख्या गावाचे मृत्यू मी जेवू घालून घालवले गं," ती म्हणाली. "माझाच तेवढा घरजावई होऊन बसलाय."

मी हसले. ती हसली नाही.

मग पाऊस आला. आम्ही घेवडा पेरला, निंदला, काढला. पावसात आमच्याकडे ढोल वाजत नाहीत, कोणी कोणाकडे फारसे जात नाही. एरवी त्या दिवसांत तिला विसावा मिळे. त्या वर्षी मात्र ती संध्याकाळ झाली की माझ्याकडे येऊन बसे आणि उठायचे नाव घेत नसे. मीही तिला उठवत नसे.

पुढच्या जानेवारीत अखेर दिवस ठरला. खोपट्यांवर घालायला कंपालाहून ताडपत्र्या आणतो, असे किबिरांगोने कबूल केले, म्हणून पोरांनी नुसत्या मेढी रोवल्या. वाऱ्याने पाने फाटण्याचे ते दिवस. आसपासच्या बागांतली धड पाने नान्सिकोंबीने आधीच स्वयंपाकासाठी उतरवून घेतली होती. दुपारपर्यंत कुळ जमले. बायका केळी सोलायला बसल्या आणि सरोवराच्या बाजूने आभाळ काळे होऊन आले.

असा पाऊस जानेवारीत पडू नये. पण पडला. ताडपत्र्यांची लॉरी दलदलीतल्या रस्त्यावर रुतल्याचा निरोप आला. माणसे मेढींखाली भिजत उभी होती आणि एकेकाची नजर घराच्या दाराकडे वळू लागली होती. कडेवरची पोरे रडत होती.

"वहिनी, लोकांना आत घ्या," किबिरांगो म्हणाला. "विधी पुढच्या कोरड्यात बघू."

नान्सिकोंबी चुलीवरच्या छपराखाली पाने शेकून मऊ करत होती. तिच्यामागे पानांची कमरेएवढी रास होती. तिने हातातले पान राशीवर परत ठेवले.

"सोलणं थांबवा गं," ती बायकांना म्हणाली. "ही पानं उचला आणि मेढींवर टाका."

लुगेम्वाची म्हातारी आत्या सुरी घेऊन तशीच उठली. "वेड लागलं का तुला? केळी मग कशात बांधशील?"

"नाही बांधत. सोललेली पाण्यात टाका. बाकीची सालीसकट उकडा."

सालीसकट केळी आम्ही शेतात, भुकेच्या वेळी खातो. पाहुण्यापुढे कोणी ठेवत नाही.

"कुळाला सालीसकट?" किबिरांगोचा आवाज चढला. "आम्ही काय गुरं आहोत?"

"एक रात्र व्हा, भाऊजी. मी वर्षाहून जास्त दिवस तुमच्या भावाच्या मृत्यूशेजारी झोपते आहे."

तिचा मुलगा कायोंगो पहिल्यांदा मेढीवर चढला, मग इतर चढले. पाने पुरेशी नव्हती. म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या कोरड्यात बसल्या, बाकीचे अर्धे भिजत. घराचे दार उघडे होते आणि आत कोणीही नव्हते.

पहाटे भाच्यांनी घर झाडून काढले आणि खोपटी पाडली. कायोंगोच्या खांद्यावर झाडाची साल कुटून केलेले वारसाचे वस्त्र चढवले, तेही ओलसरच होते. मग जेवण झाले. लोक केळी सोलून खात होते आणि बोलत होते.

"नान्सिकोंबीच्या हातचं म्हणतात ते हेच का?"

"खा मुकाट्याने. मृत्यूसुद्धा हे बघूनच पळाला."

हशा पिकला. आत्या मात्र जेवली नाही.

त्याच आठवड्यात दोन घरांतून निरोप आला की लग्नाच्या स्वयंपाकाला मसाका शहरातली बाई सांगितली आहे, तुम्ही तसदी घेऊ नका. "बरं झालं," एवढेच म्हणून नान्सिकोंबीने कपड्यांचे बोचके बांधले. उखळ, कढया, पुडकी बांधायचा सुतळीचा गुंडा सगळे सुनेला देऊन टाकले.

तिला पोचवायला मी धक्क्यापर्यंत गेले. होडीत मिठाची पोती होती. ती त्यांतल्या एकाला टेकून बसली. होडी भरायला वेळ लागत होता. निरोपाचे काय बोलावे ते मी वाटेत मनाशी जुळवले होते. पण जवळ जाऊन बघते तर ती झोपली होती, तोंड किंचित उघडे ठेवून. नावाड्याने विचारले, "आजीला उठवू का?"

मी नको म्हटले.