बत्तीस मुलं, चौतीस नंबर

काकूंच्या बसमध्ये तीन नंबर नसतो. एक असतो, दोन असतो, मग एकदम चार.

शाळेच्या या बसच्या दारात काकू बावीस वर्षं उभ्या आहेत. मुलं चढवायची, उतरवायची, भांडणं सोडवायची, उलटी होणाऱ्याला खिडकीशी बसवायचं, हे सगळं त्यांच्याकडे. सहलीच्या दिवशी त्यांची एक खास पद्धत असते. बसल्या जागी प्रत्येकाला नंबर द्यायचा, आणि दिवसभरात काकूंनी कुठेही "मोजा" म्हटलं की ज्याने त्याने आपला नंबर ओरडायचा. शेवटी येईल त्या आकड्यातून एक वजा केला की झाली मुलं. या पद्धतीने आजवर एकही पोर कुठे मागे राहिलेलं नाही.

पण आज पुढच्या सीटवर नवे सर बसले होते. सर आधी एका मोठ्या गोडाऊनवर होते, आता शाळेच्या बसगाड्यांची देखरेख त्यांच्याकडे आली होती. मांडीवर कागदाचं पॅड, कानावर पेन, आणि प्रत्येक वाक्याला मागून एक "काय" जोडलेला.

"बाई, मी चाळीस हजार खोकी मोजलीत, काय. एक खोकं इकडचं तिकडे नाही, काय. कागदावर बत्तीस मुलं आहेत, मोजणी बत्तीसच आली पाहिजे. हे तुमचं नंबर देण्याचं नाटक मी ऐकून आहे. आज आकडा चुकला, तर पुढच्या सहलीपासून दुसरी बाई. तुम्ही आपल्या घर ते शाळा, शाळा ते घर, काय."

सहल म्हणजे काकूंचा जीव की प्राण. आदल्या दिवशीच बुटांना पॉलिश, पिशवीत रुमाल, सुया, चिकटपट्ट्या, आणि चेहऱ्यावर पाचवीतल्या पोरींसारखं हसू. ती सहलच हातची जाणार म्हटल्यावर त्यांनी वाकून बुटाची सुटलेली नाडी बांधता बांधता मनाशी ठरवून टाकलं: आज तीन नंबर कुणाला तरी द्यायचा. भोंग्याने एक दिवस जरा सरकून बसावं.

भोंगा म्हणजे काकूंचा भाऊ. तिसरा. त्याच्यावर ताई आणि दादा, आणि त्याच्याखाली शेंडेफळ काकू. वडील शिंपी. रविवारी चारही पोरांना बाजारात न्यायचे, गळ्यात मापाची टेप तशीच लटकत असायची, आणि गर्दीत दर दहा पावलांवर मागे न बघता म्हणायचे, "मोजा." ताई कंटाळून म्हणायची, "एक." दादा नुकत्याच फुटलेल्या आवाजात "दोन." आणि भोंगा आपला "तीन" कधी, म्हणजे कधीच, स्वतःच्या आवाजात म्हणायचा नाही. कधी भाजीवालीच्या सुरात "तीऽऽन घ्या, ताजे तीन," कधी वडिलांच्या जाड्या गिऱ्हाइकासारखा पोट पुढे काढून, "अहो मास्तर, कंबर तीनच आहे, तुमची शिलाई आखडली." वडील रागावायला वळायचे आणि हसून पुढे चालायला लागायचे. त्या हसण्यात काकूंचं "चार" कुणाला ऐकूच जायचं नाही.

भोंगा दहा वर्षांचा असताना छातीतल्या तापाने चार दिवसांत गेला. काकू तेव्हा आठ वर्षांच्या.

मग घरात माणसांची रीघ लागली, आणि काकू शिलाई मशीनच्या खाली बसून सगळ्यांचे पाय बघत सगळ्यांचं ऐकत राहिल्या. चकचकीत बूट म्हणाले, "डॉक्टर कोणता होता? मला विचारायचं ना आधी." किरकिरणाऱ्या चपला म्हणाल्या, "धाकटी लहान आहे हो, विसरेल महिन्याभरात." मग त्याच चपला खाली वाकल्या आणि आवाजात साखर घालून म्हणाल्या, "शहाण्यासारखं राहायचं हं बाळा, आईसमोर त्याचा विषय नाही काढायचा." ताप किती होता, कितव्या दिवशी कळलं, शेवटी काय बोलला, हे झाडून सगळ्यांनी विचारलं. तो कसा होता, हे एकानेही विचारलं नाही. मशीनखाली काकू उत्तर तयार ठेवून बसल्या होत्या. चांगलं लांबलचक उत्तर होतं, नकलांसकट.

दोन महिन्यांनी वडील तिघांना बूट घ्यायला घेऊन गेले. गर्दी आली आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मोजा." एक. दोन. मग रस्ताभर आवाज होता, गाड्यांचा, माणसांचा, सगळ्यांचा, फक्त एक सोडून. काकूंना कळेना आता आपण कितवे. त्या म्हणाल्या, "चार."

वडील थांबले. दुकानाच्या काचेकडे तोंड करून बराच वेळ एकच बूट बघत राहिले. मग टेपच्या टोकाने नाक पुसलं आणि म्हणाले, "बरोबर. सगळे आहेत."

त्या दिवसापासून त्या घरात एक, दोन, चार. पुढे लग्नं झाली, केस पिकले, तरी भावंडं एकत्र कुठे निघाली की एक, दोन, चार. काकू तेव्हापासून पक्कं शिकल्या की गेलेल्या माणसाची जागा राखता येते, त्यासाठी कुणी रडत बसावं लागत नाही.

आणि आज त्याच काकू दुसऱ्या रांगेपाशी येऊन थांबल्या होत्या. एक दिला, दोन दिला. पुढे बसली होती नवी मुलगी. या शाळेत येऊन तिला तीन आठवडे झाले होते आणि अजून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. घरी काहीतरी वाईट झालंय, एवढंच वर्गाला माहीत होतं.

"तू... तीन," काकू म्हणाल्या.

मागून कल्ला झाला. "काकू, तीन कसा? तीन तुमच्या भावाचा." "काकू, भोंग्याचा आहे तो." "काकू, तुम्हीच म्हणता ना, त्याला विचारल्याशिवाय द्यायचा नाही?" ही गोष्ट बसमधल्या पोरांना पाठ होती. नकलांसकट.

नव्या मुलीने मान वर केली. "तुमचा भाऊ?"

"हो. मी आठ वर्षांची होते तेव्हा गेला."

"माझापण," ती म्हणाली. "सहा वर्षांचा होता."

काकू तिच्या सीटच्या कडेवर टेकल्या आणि विचारलं, "कसा होता?"

मुलगी त्यांच्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "आगाऊ. लिफ्टमध्ये अठराचं बटण त्यालाच दाबायचं असायचं. हात पोचायचा नाही, मग उड्या. राहायचो आम्ही चौथ्या मजल्यावर."

बस फिसकन हसली. मुलगी स्वतःही हसली.

"मग अठरा त्याचा," काकू बोलून गेल्या. बोलल्यावर त्यांना पुढची सीट आठवली, पण शब्द गेला तो गेला. "तीन माझ्याचा, अठरा तुझ्याचा. तू चार. मीपण चारच होते."

त्या सरांना सांगायला पुढे गेल्या. सर फोनवर कुणाला तरी टायर मोजायला लावत होते. त्यांनी हातानेच खूण केली, नंतर, नंतर.

विज्ञान केंद्रात दिवस कसा पळाला कळलंच नाही. आत चालत जाता येईल एवढं मोठं हृदय होतं, त्यात उभं राहिलं की पायाखालची जमीन धडधडायची. सगळी पोरं त्यातून तीन तीनदा जाऊन आली. आणखी दोन शाळा आल्या होत्या आणि, आता नशीबच, तिन्ही शाळांच्या टोप्या निळ्या.

परतताना सर दारात उभे राहिले, पेन उघडून. "चला, मोजा, काय."

"एक." "दोन." "चार." काकूंनी डोळे मिटून घेतले. सतरानंतर एकोणीस आलं ते दणक्यात. आणि शेवटच्या सीटवरून बेंबीच्या देठापासून आवाज आला, "चौतीस."

सर गार पडले. "चौतीस? दोन जास्त?" त्यांनी बाहेरच्या निळ्या टोप्यांकडे पाहिलं, मग आतल्या. "बाई, तुम्ही दुसऱ्यांची पोरं भरलीत. सगळे खाली उतरा. रांग लावा, काय."

मग जी मजा झाली ती काही विचारू नका. सर एकेका हनुवटीला हात लावून विचारत होते, "तू आमचाच का?" आणि पोरं, देवाशपथ, असली संधी सोडतात थोडीच. "सर, हा आपला नाही, ह्याला मी आजच बघितलं," एकाने सख्ख्या मित्राकडे बोट दाखवलं. मित्र रडवेला चेहरा करून म्हणाला, "मला माझ्या बसमध्ये सोडा हो." ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. सरांनी दोनदा डोकी मोजली. दोन्ही वेळा बत्तीस.

"बत्तीस आहेत आणि चौतीस बोलतात? आकडा चुकला, बाई."

"आकडा बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "बत्तीस इथे आहेत. तीन माझ्या भावाचा. अठरा हिच्या भावाचा. दोघंही लहानपणीच गेले. तुम्हाला सांगायला आले होते, आधीच सांगायला हवं होतं, ते चुकलं. पण नंबर मी परत घेणार नाही. सहल गेली तरी."

चार नंबर पुढे येऊन काकूंच्या ओढणीचा कोपरा धरून उभी राहिली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, पॅडकडे पाहिलं, पेन कानावर ठेवलं, परत काढलं.

"म्हणजे राखीव," ते हळूच म्हणाले.

"काय?" काकूंनी विचारलं.

"गोडाऊनला असतात ना. राखीव कप्पे. त्यांना नंबर असतो, पण माल ठेवायचा नसतो, आणि तो नंबर गाळायचाही नसतो. नंबर गाळला तर पुढचं सगळं चुकतं, काय." त्यांनी कागदावर एक नवी ओळ आखली, तीन आणि अठरा लिहून पुढे "राखीव" लिहिलं. "हे सकाळी सांगितलं असतंत, तर मी काय या पोरांच्या हनुवट्या धरत बसलो असतो? पुढच्या सहलीला असा कागद आधी आणायचा. तुम्ही आणायचा. दुसरं कोण आणणार?"

काकूंनी सगळ्यांना वर चढवलं, पटापट, टपल्या मारत.

परतीच्या वाटेवर चार नंबरच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो थांबेना. अर्धी बस सीटवर गुडघे टेकून तिच्याकडे वळली होती. शाळेच्या नाटकात तिच्या भावाला झाड केलं होतं, झाडाने हलायचंसुद्धा नाही असं बजावलं होतं, आणि राजा आपलं वाक्य विसरला. "मग झाड म्हणालं..." इथे नेमका तिचा स्टॉप आला.

खाली आई उभी होती, काहीच न विचारणारा चेहरा घेऊन. मुलगी पायरीवरूनच सुरू झाली, "आई, मी सगळ्यांना झाडाचं सांगत होते." आईने दचकून काकूंकडे पाहिलं, हा विषय चालतो का, असं.

"अर्धंच कळलंय आम्हाला," काकू दारातून म्हणाल्या. "राजा विसरला. मग झाड काय म्हणालं?"

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"झाड कसलं म्हणतंय," आई म्हणाली, आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "आधी त्याने पानं काढून बाजूला ठेवली. नीट घडी घालून. मग..."

सर सांगणं ऐकायला खिडकीतून अर्धे बाहेर आले होते.