ठाकुरांच्या रानात काळवीट नाही

नव्या नवरीला कुणी देवीला नेतं, कुणी माहेरी. मला माहेर उरलंच नव्हतं. आईवडील प्लेगात गेले, मामांनी लग्न लावून दिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आमच्या ह्यांनी मला छकड्यात बसवून नेलं ते काळवीट शोधायला.

हे उत्तरेतल्या एका मराठी संस्थानात, लष्कर शहरी, एका सरदारांकडे कारकून होते, पण जीव सगळा रानात. संस्थानच्या शिकारखान्यात एक जागा निघाली होती. सरदार म्हणाले होते, पाहुण्यांसाठी चांगल्या शिंगांचा काळवीट असलेलं नवं रान दाखव, जागा तुझी. सरकारी रानं सगळ्यांच्या पायाखालची. म्हणून ह्यांनी एका ठाकुरांची खासगी जमीन मनात धरली. तिथे आजवर कुणाला बंदूक नेऊ दिली नव्हती.

"एकट्या पुरुषाला दारातूनच वाटेला लावतील," हे म्हणाले. "बायको बरोबर असली की पाणी तरी विचारतील."

म्हणजे मी बायको कमी आणि परवाना जास्त. तसं मी तोंडावर ऐकवलंही, तेव्हा ते पोटभर हसले.

ठाकुरांनी पाणी विचारलं, जेवायलाही घातलं. ह्यांनी रान नुसतं पाहण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. मला आत ठकुराइनपाशी नेलं. तिने विचारलं, "मायका कहाँ है, बहू?"

"मायका तो रहा नहीं."

तिने उठून माझ्या पदरात तांदूळ, गूळ आणि नारळ घातला. म्हणाली, "अब है. आज से तुम इसी घर की बेटी."

मला वाटलं, ओटी भरली. आम्हा मराठ्यांत ओटी काय, हळदीकुंकवाला गेलं तरी भरतात. मी नमस्कार केला आणि विसरले. तिने मात्र लगेच बाहेर ठाकुरांना निरोप धाडला.

मग आम्ही दोघी गच्चीवर गेलो. खाली हे बाभळींमधून फिरत होते. कुठे लेंड्यांच्या ढिगापाशी उकिडवे बसत, कुठे नाल्याच्या चिखलातले खूर बघत, मधेच चिमूटभर माती सोडून वारा कुठला ते पाहत. पलीकडे हरभऱ्याच्या पट्टीत कळप चरत होता. तांबूस माद्या, आणि त्यांच्यात एकच काळाभोर नर, शिंगं दोरखंडासारखी पिळलेली. तसं जनावर मी पुन्हा पाहिलं नाही.

"वो पट्टी हम काटते नहीं," ठकुराइन म्हणाली. "सास मरते समय कह गई थीं, ये हिरनों की है. आज तक किसी को मारने नहीं दिया." मग खाली ह्यांच्याकडे बघत हळूच म्हणाली, "पर दामाद माँगेंगे तो मना कैसे करेंगे?"

तेव्हा कुठे मला त्या तांदळांचा अर्थ कळला.

हे परतले ते फुललेल्या चेहऱ्याने, आणि त्यांनी शिकारीची परवानगी मागितली. ठाकूर जमिनीकडे बघत म्हणाले, "आप तो घर के दामाद हैं. जब चाहें, आइए." ह्यांना ती नुसती अदब वाटली.

वाटेत ह्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. पाहुण्यांना कुठे बसवायचं, हाकारे कुठून सोडायचे. त्यांचा घास हातातोंडाशी आला होता, आणि माझं माहेर अजून एका दिवसाचंही नव्हतं. बैलांना पाणी पाजायला छकडा थांबला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

ते भडकले. "एका नारळात बांधून घातलं की आपल्याला!"

"त्यांनी नाही. आपणच बांधलंय त्यांना," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सरदारांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, ठाकुरांच्या रानात काळवीट नाही.

जागा दुसऱ्याला गेली. वर सरदारांनी प्रत्येक बैठकीत गोष्ट रंगवली, की आमच्या कारकुनाला उघड्या माळावर काळवीट दिसत नाही. सराफा बाजारात लोक हाका मारत, "साहब, चश्मा बनवा लो." लेंडी बघून जनावर केव्हा गेलं ते सांगणारा माणूस, तो हसून पुढे जायचा.

माझं माहेर मात्र नांदतं राहिलं. दर श्रावणात ठाकुरांचा मुलगा मला न्यायला यायचा. हे मागाहून येत आणि जावयाचा मान घेत. संध्याकाळी सासरेजावई गच्चीवर बसून कळप बघत.

एकदा एका लग्नाच्या पंगतीत आमच्या मुलांदेखत तीच थट्टा झाली. मी तोंड उघडणार तोच ह्यांनी मला बाजूला घेतलं. "बोललीस तर उद्या तिथे बंदुका पोचतील. मला काय, हसतात तर हसू देत."

ते गेले तेव्हा संस्थान अजून होतं आणि सरदारही होते. समाचाराला आलेल्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसत तीच गोष्ट काढली. माणूस लाखाचा, म्हणाला, पण शिकाऱ्याची नजर काही नव्हती.

"हो," मी म्हटलं. "नजर जरा अधूच होती त्यांची."